फावणे, सुचणे, जमणे : मराठी घरातील हौशी हस्तकलेचा शब्देतिहास

१

महाराष्ट्राच्या कलेतिहासात लेणी, मंदिरे, भित्तिचित्रे आणि धातुमूर्ती यांना त्यांचे योग्य स्थान लाभले आहे. पैठणी विणणारे साळी, तांबट, सोनार यांच्या कसबाची नोंद आर्थिक इतिहासाने आपल्या परीने घेतली आहे. परंतु जी वस्तू विकण्यासाठी केली गेली नाही, जिच्यावर कर्त्याचे नाव नाही, आणि जी वापरता वापरता झिजून नाहीशी झाली, तिच्या वाट्याला या दोन्ही इतिहासांत फारसे काही आले नाही. गोधडी, दुपटे, ताटाभोवतीची रांगोळी, दारावरचे मण्यांचे तोरण, संक्रांतीचे हलव्याचे दागिने या वस्तू अशाच होत. त्या करणाऱ्या स्त्रियांचा तो धंदा नव्हता. घरकामातून उरलेल्या घटकाभरात, पुष्कळदा दुसऱ्या कोणासाठी तरी, त्यांनी त्या केल्या.

वस्तू उरल्या नाहीत आणि लिखित नोंदी तुटपुंज्या आहेत. तेव्हा या हस्तकलेचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहावयाचा, असा प्रश्न उपस्थित होतो. एक साधन मात्र विपुल आहे आणि त्याचा म्हणावा तसा उपयोग झालेला नाही. ते साधन म्हणजे या कामाची भाषा. टाक्यांची, नमुन्यांची, हत्यारांची आणि काम करण्याच्या वृत्तीची नावे मराठीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहेत. ही नावे कोठून आली आणि त्यांच्या अर्थात कोणते पालट झाले हे पाहिल्यास हौशी हस्तकारागिणीचे दैनंदिन जीवन कसे होते, आणि तिला नवे काही सुचत होते ते कोठून, या दोन्ही प्रश्नांवर बराच प्रकाश पडतो.

२

प्रथम वृत्तिवाचक शब्द घेऊ. आज ज्या अर्थी ‘छंद’ हा शब्द रूढ आहे, तो अर्थ फार जुना नाही. संस्कृतात ‘छन्द’ म्हणजे इच्छा, आवड. मराठीत या शब्दाला ध्यास, नाद, लहर अशा छटा आल्या आणि ‘छंदीफंदी’ यासारख्या जोडशब्दात तर त्याला उघड दूषण चिकटले. शाळांतील छंदवर्ग आणि मासिकांतील छंदविषयक सदरे यांनी विसाव्या शतकात या शब्दाला प्रतिष्ठा मिळवून दिली. फावल्या वेळातील निरुपद्रवी आणि उपयुक्त उद्योग हा त्याचा आजचा अर्थ या प्रतिष्ठेबरोबरच स्थिरावला.

‘हौस’ या शब्दाचा प्रवास याहून निराळा आहे. हा शब्द मूळ अरबी ‘हवस’. फारसीच्या मार्गाने तो मराठीत आला. हिंदी-उर्दूत त्याच शब्दाला लालसेचा अर्थ आहे. मराठीत मात्र तो सौम्य झाला, घरगुती झाला, आणि सणावारांशी व लग्नकार्याशी जोडला गेला. ‘हौसेला मोल नाही’ ही म्हण येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. हौसेपुढे खर्चाची पर्वा नाही, हा तिचा सरळ अर्थ. परंतु हौसेने केलेल्या कामाची किंमत होत नाही, असाही अर्थ त्या शब्दांतून निघू शकतो. आणि घरगुती हस्तकलेच्या बाबतीत हा दुसरा अर्थच अधिक खरा ठरला. मोलाने केलेले काम ते काम, आणि मोलावाचून केलेली ती हौस, अशी विभागणी भाषेने केली व इतिहासकारांनी ती निमूटपणे स्वीकारली.

तिसरा शब्दप्रयोग ‘फावला वेळ’ हा होय. ‘फावणे’ म्हणजे संधी मिळणे, सोयीचे होणे. फावला वेळ हा कोणी आखून दिलेला किंवा हक्काने मिळालेला वेळ नव्हे. तो आपोआप हाती लागलेला असतो. एकत्र कुटुंबातील स्त्रीच्या दिनक्रमाकडे पाहिले म्हणजे या शब्दाची यथार्थता पटते. पहाटेचे पाणी, सडासंमार्जन, स्वयंपाक, पंगती, मागची आवराआवर, आणि दिवेलागणीपूर्वी पुन्हा चूल. यांच्यामध्ये दुपारची जी घटका उरे, ती निवडण्याटिपण्याच्या कामातून वाचली तर सुईदोऱ्याच्या वाट्याला येई. काम असे निवडावे लागे की जे केव्हाही खाली ठेवता येईल, केव्हाही उचलता येईल, आणि मूल रडले तरी ज्यातील मोजणी फारशी बिघडणार नाही.

गोधडी हे अशा कामाचे उत्तम उदाहरण आहे. वर व खाली जुने लुगडे, मध्ये फाटक्या वस्त्रांचे थर, आणि सर्वांना एकत्र धरून ठेवणारा धावदोरा. ‘धावदोरा’ हे नावच टाक्याच्या गतीवरून पडले आहे. हा टाका कोठेही थांबवता येतो आणि दुसऱ्या दिवशी, वेळप्रसंगी दुसऱ्याच हाताने, पुढे चालू करता येतो. गोधडीचे तंत्र हे त्या अर्थी फावल्या वेळाने घडवलेले तंत्र आहे.

३

मराठीच्या वाक्यरचनेतून याच गोष्टीचा आणखी एक पुरावा मिळतो. हौशी हस्तकलेविषयी बोलताना तीन क्रियापदे वारंवार येतात: तिला फावले, तिला सुचले, तिला जमले. तिन्ही ठिकाणी व्यक्ती ‘-ला’ प्रत्ययाने येते. व्याकरणदृष्ट्या ती क्रियेचा कर्ता म्हणून उभी राहत नाही. क्रिया तिच्या ठिकाणी घडते, तिच्याकडे येते. याच्या उलट ‘तिने शिवले’, ‘तिने विणले’, ‘तिने उसवले’ या वाक्यांत ती तृतीयेत येते आणि क्रियेचे कर्तृत्व तिच्याकडे जाते. पहिल्या गटात वेळ, कल्पना आणि यश ही येतात. दुसऱ्या गटात हातांचे श्रम. वेळ, कल्पना व यश ही आपल्या स्वाधीन नाहीत, श्रम तेवढे आपले, असा एक जीवनानुभव या दोन रचनांच्या जोडणीत साठवलेला दिसतो. अर्थात ‘-ला’ची ही रचना मराठीत आवडणे, कळणे, आठवणे अशा पुष्कळ क्रियापदांशी येते; ती केवळ स्त्रियांच्या कामापुरती नाही, हे विसरून चालणार नाही. तथापि या विशिष्ट व्यवहारात त्या रचनेला आशयाची जी जोड मिळते ती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

‘सुचणे’ या क्रियापदाकडे थोडे अधिक बारकाईने पाहावयास हवे. प्रतिभा, स्फूर्ती, प्रेरणा हे शब्द काव्यचर्चेतील होत. स्वयंपाकघरात किंवा ओटीवर ते क्वचितच उच्चारले जातात; तेथे ‘सुचते’. हे क्रियापद संस्कृत ‘सूच्’ म्हणजे दर्शविणे, निर्देश करणे, या धातूशी संबद्ध आहे. आणि मोनिअर-विल्यम्स यांच्या १८९९ सालच्या कोशात या धातूचे नाते ‘सूचि’शी, म्हणजे सुईशी, जोडलेले आहे. या व्युत्पत्तीवर फार मोठी इमारत उभारण्याचे कारण नाही. अर्थाचा धागा तेवढा महत्त्वाचा आहे: सुचणे म्हणजे समोर असलेल्या एखाद्या गोष्टीने दुसऱ्या गोष्टीकडे बोट दाखवणे. शून्यातून काही अवतरणे हा अर्थ त्या शब्दात नाही.

समोर असलेली गोष्ट कोणती, हे नमुन्यांच्या नावांवरून कळते. चातुर्मासात काढावयाची ‘गोपद्मे’ ही गाईच्या पावलांची रांगोळी. चैत्रांगणात पाळण्यातली गौर, तुळशीवृंदावन, चंद्र-सूर्य, शंख, कासव, हत्ती ही चिन्हे येतात. सीमेपलीकडच्या धारवाड भागातील कशिद्याची साक्ष याच दिशेची आहे. तेथील ‘कसूती’ या भरतकामाच्या चार टाक्यांपैकी एकाचे नाव ‘मेंथी’, म्हणजे मेथी. दुसऱ्याचे ‘गवंती’, म्हणजे गाठीचा. तिसऱ्याचे ‘नेगी’, म्हणजे विणीचा. मेथीचा दाणा, दोऱ्याची गाठ आणि मागावरची वीण यांपेक्षा दूर जाण्याची गरज त्या नामकरणाला भासली नाही. हीच कसूती इरकली लुगड्यांवरून महाराष्ट्रातील घरांत पोचली, आणि तिच्यातील गोपुरे, रथ, पालख्या व मोर मराठी स्त्रियांच्याही परिचयाचे झाले.

४

तथापि केवळ जवळच्या वस्तूंवरून कल्पना सुचत गेल्या, एवढेच म्हटल्यास चित्र अपुरे राहील. दूरवरून आलेली गोष्ट घरात मुरते आणि मग तीच पुढील कल्पनेचे निमित्त होते, हा क्रमही तितकाच महत्त्वाचा आहे. ‘महिरप’ या शब्दाचा इतिहास हा त्याचा बोलका पुरावा होय.

मशिदीच्या भिंतीत प्रार्थनेची दिशा दाखवणारा जो कमानदार कोनाडा असतो त्याचे अरबी नाव ‘मिहराब’. मराठीत ‘महिरप’ या रूपाने तो शब्द वास्तुशिल्पातील कमानीला लागला. वाड्यांच्या दिवाणखान्यांत खांबांमधल्या नक्षीदार लाकडी कमानी महिरपी म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. पुढे हा शब्द भिंतीवरून जमिनीवर उतरला. देवापुढे, पाटाभोवती आणि सणासुदीच्या पंगतीत ताटाभोवती रांगोळीची जी कमान काढतात तीही महिरपच. येथे एक स्थापत्यघटक एका अतिशय प्राचीन कलेत येऊन मिळाला. रांगोळी हा शब्द ‘रंगावली’पासून आलेला आहे, आणि बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात धूलिचित्राचा निर्देश आढळतो. देशी धूलिचित्राने परकीय कमान आत्मसात केली, आणि तिच्या परकीयत्वाची जाणीवही कोणाला उरली नाही.

प्रवास येथेच थांबत नाही. क्रोशाचे विणकाम घरोघर पोचल्यावर ताटाभोवतालची महिरप पांढऱ्या दोऱ्याची झाली, आणि मण्यांचीही. या स्थित्यंतराचे कारण समजून घेण्यासारखे आहे. रांगोळी पंगत उठताच पुसली जाते. दोऱ्याची महिरप धुऊन, घडी घालून ठेवता येते, दाखवता येते, आणि मुलीबरोबर तिच्या सासरी पाठवता येते. आकृती तीच राहिली, नाव तेच राहिले. टिकाऊपणा मात्र बदलला. ज्या अनामिकेने प्रथम रांगोळीची कमान दोऱ्यात विणली तिला जे सुचले ते अपूर्व आकृतीच्या स्वरूपाचे नव्हते. जमिनीवर रोज पाहिलेली रेषा हातातल्या नव्या साधनात उतरेल, हे तिने ओळखले. हौशी हस्तकलेतील नवनिर्मिती बहुधा याच जातीची असते, आणि ती स्थापत्यातील किंवा काव्यातील नवनिर्मितीहून कमी प्रतीची मानण्यास आधार नाही.

हलव्याच्या दागिन्यांत हेच तत्त्व दुसऱ्या माध्यमात दिसते. तिळाच्या किंवा खसखशीच्या दाण्यावर साखरेचा पाक थेंबाथेंबाने घालून, मंद आचेवर हाताने हलवत राहिल्यास त्यावर हळूहळू काटा येतो. हे काम घाईने होत नाही. मग त्या हलव्याचे हार, बाजूबंद, बिंदी असे दागिने गुंफतात आणि नववधूला पहिल्या संक्रांतीस किंवा तान्ह्या मुलाला बोरन्हाणाच्या वेळी घालतात. सर्व नावे सोन्याच्या दागिन्यांचीच. सोनाराच्या घडणावळीचा घाट साखरेत उतरवण्याची ही कल्पना जिला प्रथम सुचली, तिचेही नाव इतिहासाला ठाऊक नाही.

५

एकोणिसाव्या शतकापासून या क्षेत्रात शाळा आली. १८२७ मध्ये मुंबईस आलेल्या सिंथिया फरार यांच्यासारख्या अमेरिकन मिशनरी शिक्षिकांच्या मुलींच्या शाळांतून वाचन-लेखनाबरोबर शिवणकाम शिकवले जात असे. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली तेव्हा मुलींना काय व किती शिकवावे यावर कडाक्याचा वाद झाला. परंतु शिवण-विणकामाबद्दल दोन्ही पक्षांची फारशी तक्रार नव्हती. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाने शिवणाच्या वर्गांतून अनेक स्त्रियांना, विशेषतः विधवांना, उपजीविकेचे साधन मिळवून दिले. १९३० मध्ये किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक सुरू झाले. अशा मासिकांच्या वाढत्या प्रसाराबरोबर छापील नमुना हा घरातील वडीलधाऱ्या बाईच्या हाताखाली शिकण्याला पर्याय म्हणून पुढे आला.

या स्थित्यंतरामुळे एकच सुई तीन वेगळ्या नात्यांत वावरू लागली. शाळेत ती ‘विषय’ झाली, सेवासदनासारख्या संस्थेत ‘व्यवसाय’ झाली, आणि घरी ‘हौस’ राहिली. शब्दसंग्रहातही थर वाढले. अस्तर, मगजी, अंगुस्तान, कशिदा हा फारसीचा थर पूर्वीचाच होता. ‘काज’ हा पोर्तुगीज ‘काझा’पासून आणि ‘फीत’ हा ‘फिता’पासून आलेला, सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ मध्ये आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा जो मोठा संग्रह प्रसिद्ध केला, त्यात अशा शब्दांचे विवेचन आहे. त्यावर आता क्रोशा, लेस असे इंग्रजीच्या मार्गाने आलेले शब्द बसले.

येथे एक नियमितता दृष्टोत्पत्तीस येते. साधनाचे किंवा तयार मालाचे नाव बहुधा परक्या भाषेतून जसेच्या तसे येते. हाताने करावयाच्या क्रियेचे नाव मात्र मराठीत नव्याने घडते. क्रोशा हा शब्द परका, पण त्यातील टाके ‘साखळी’, ‘खांब’, ‘मुका खांब’. लोकरीच्या विणकामातले दोन मूलभूत टाके ‘सुलट’ आणि ‘उलट’. यांपैकी ‘साखळी’ हे सरळ इंग्रजीचे भाषांतर आहे, यात संशय नाही. भरतकामातील साखळीचा, देठाचा, गाठीचा टाका यांचीही तीच गोष्ट. ‘खांब’ मात्र तसे नाही. इंग्रजीत या टाक्यांची नावे एकेरी, दुहेरी, तिहेरी अशी मोजणीवरून पडली आहेत. जर्मन भाषेत त्याच टाक्याला लहान काठी या अर्थाचे नाव आहे. मराठी स्त्रीने तेथे खांब पाहिला. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन काढलेला उंच टाका तो खांब. असा वेढा न घेता काढलेला आखूड टाका तो मुका खांब. ‘मुका मार’ म्हणजे वरून न दिसणारा मार. त्याचप्रमाणे मुका खांब म्हणजे आहे, पण उठून दिसत नाही, असा खांब. ज्या घरात माजघराचे छत खांबांनी तोललेले होते, त्या घरात बसून विणताना दोऱ्याची उभी-आडवी रचना ही घराची रचना वाटावी, यात नवल नाही. महिरप आणि खांब हे दोन्ही शब्द एकाच विणकामात भेटतात, तेव्हा दोऱ्याच्या एका लहानशा घराचा आराखडा पुरा होतो.

६

हौशी हस्तकलेचे हे चित्र केवळ रम्य नाही. ‘रुखवत’ या शब्दाच्या इतिहासात त्याची दुसरी बाजू दिसते. विवाहापूर्वी वराला द्यावयाचे फराळाचे पदार्थ हा रुखवताचा जुना अर्थ. कालांतराने खाण्याच्या पदार्थांशेजारी वधूच्या हातच्या वस्तू मांडल्या जाऊ लागल्या: विणलेल्या महिरपी व रुमाल, भरतकामाच्या चादरी, मण्यांची तोरणे, सुपारीचे भटजी. खाण्याचे रुखवत पाहण्याचे झाले. शब्द तोच राहिला, परंतु त्याच्या केंद्रस्थानी आता वधूच्या कौशल्याची जाहीर परीक्षा आली.

या परीक्षेने कलेला उत्तेजन दिले, हे नाकारता येत नाही. एका लग्नात पाहिलेला नमुना दुसऱ्या घरी ‘उतरवून घेण्या’ची चाल यामुळेच वाढली, आणि लेखी साधनांवाचून नमुने गावोगाव पसरले. परंतु याच परीक्षेने हौसेला सक्तीचे रूप दिले. जिला सुईची आवड नव्हती तिलाही वर्षभर टाके घालावे लागले. जिचे रुखवत तुटपुंजे दिसले तिच्या माहेराचा उणेपणा निघाला. पुष्कळदा मावशी, आत्या, शेजारणी यांनी रात्री जागून केलेल्या वस्तू वधूच्या म्हणून मांडल्या गेल्या. म्हणजे अनामिकतेच्या आत आणखी एक अनामिकता निर्माण झाली. हौस हा शब्द वापरताना तिच्यात इच्छा किती आणि अपेक्षेचे ओझे किती, हे अभ्यासकाने प्रत्येक वेळी तपासून पाहावयास हवे.

याच्या शेजारी ‘बाळंतविडा’ ठेवून पाहिला की फरक ध्यानात येतो. दुपटी, झबली, टोपडी, कुंची या वस्तू जुन्या, धुऊन मऊ झालेल्या वस्त्रांच्या करतात. ‘दुपटे’ म्हणजे दोन पदरांचे वस्त्र. येथे प्रदर्शनाचा भाग अल्प आणि स्पर्शाचे महत्त्व अधिक. नव्या कापडापेक्षा आजीच्या लुगड्याला येथे मान असतो, आणि तो केवळ काटकसरीपोटी दिलेला नसतो.

७

आज या हस्तकलेची परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. गोधडी व क्रोशाच्या वस्तू विक्रीस येतात, त्यांना मोल मिळते, आणि करणारीचे नावही लागते. नमुना उतरवण्यासाठी लग्नाची वाट पाहावी लागत नाही. भ्रमणध्वनीवरील चित्रफितीत तो घरबसल्या पाहता येतो. पुरुषही विणू लागले आहेत. हे पालट स्वागतार्ह आहेत. त्यांबरोबर टाक्यांची इंग्रजी नावेही मोठ्या प्रमाणावर येत आहेत. भाषेत नवे शब्द येणे हा दोष नव्हे. अस्तर आणि काज हेही एके काळी नवेच होते. चिंतेची बाब वेगळी आहे. पूर्वी साधनाचे नाव परके येई आणि क्रियेचे नाव येथे घडे. क्रियेचे नावही आयते येऊ लागले, तर टाक्याकडे पाहून त्यात खांब पाहण्याची गरज उरणार नाही, आणि नामकरणात जी एक छोटीशी निर्मिती होत असे ती थांबेल.

दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने (१९३२–३८) आणि कृ. पां. कुलकर्णी यांच्या ‘मराठी व्युत्पत्तिकोशा’ने (१९४६) मराठी शब्दसंपत्तीची जी पायाभरणी केली, तिच्यावर या क्षेत्रापुरते आणखी काम होणे अगत्याचे आहे. कोशात शब्द नोंदता येतो. टाका नोंदता येत नाही. म्हणून शब्द, त्याचा उच्चार, तो ज्या जिल्ह्यात व ज्या समाजात चालतो त्याची नोंद, आणि प्रत्यक्ष टाक्याचा नमुना ही एकत्र जमवावी लागतील. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील वडील स्त्रियांपासून या संकलनास प्रारंभ केल्यास त्यासाठी प्रवास वा अनुदान यांची वाट पाहण्याचे कारण नाही. या स्त्रियांच्या हातच्या वस्तू बहुतांशी झिजून गेल्या आहेत. त्यांनी दिलेली नावे मात्र अद्याप त्यांच्या ओठांवर आहेत, आणि ती टिपून घेण्याचा अवधी अमर्याद नाही.